सहा बोटांचा फरक

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, चंद्रभान वाढई नावाचा एक माणूस राहून गेला. त्याचं नाव देवळाच्या पायरीवर कोरलेलं नाही आणि कचेरीच्या दप्तरातही सापडायचं नाही. पण कापसाच्या तेजीच्या त्या सालांत अकोल्याकडून अमरावतीच्या बाजारात जो कापूस गेला, त्यातला पुष्कळसा त्याच्या हातच्या गाड्यांवरून गेला आणि वाटेत सांडला नाही, एवढं छातीवर हात ठेवून सांगता येतं.

गंमत म्हणजे हा माणूस मुळातला वऱ्हाडी नव्हेच. तो नाशिककडच्या सिन्नरचा. तिकडे त्याला सुतार म्हणत, इकडे आल्यावर वाढई म्हणू लागले. बाप गाड्या करायचा, आजा गाड्या करायचा. मुंबईहून आग्र्याला जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाडीवान वाट वाकडी करून त्यांच्या दाराशी यायचे, कारण त्या घरची गाडी दहा वर्षं कुरकुरत नसे. मग त्या बाजूला रेल्वे धावू लागली. जो माल गाडीत जायचा तो डब्यात जाऊ लागला आणि चंद्रभानच्या अंगणात नव्या कोऱ्या गाड्या गिऱ्हाइकाची वाट बघत उन्हात तडकू लागल्या.

त्याच सुमारास साता समुद्रापलीकडे अमेरिकेत भाऊभाऊ एकमेकांच्या उरावर बसले. तिकडचा कापूस तिकडेच अडकला, विलायतेच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातले कास्तकार म्हणे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवून राहिले होते. चंद्रभानने त्या सगळ्या गप्पांतून एवढंच उचललं की वऱ्हाडात कापूस उदंड आहे आणि तो वाहायला गाड्या नाहीत.

१८६३ चा पाऊस उघडला तसा तो निघाला. बरोबर बायको सुभद्रा आणि हत्यारांची पेटी. त्याची आई दुर्गाबाई दारात उभी होती. तिने देव्हाऱ्यातून शिसवीचा गज काढला आणि त्याच्या हातात दिला. दोन्ही टोकांना पितळी टोपणं बसवलेली ती मापाची काठी त्याच्या बापाची होती आणि दसऱ्याला तिची पूजा होत असे.

"तुझ्या बापाचं माप हाय हे," ती म्हणाली. "कुठं बी जा, माप सोडू नको. आदी डोक्यावर छप्पर कर, मंग मला न्यायला ये. पर तुझ्या हातची गाडी घेऊन ये. त्या धुराच्या डब्यात म्या पाय ठेवणार न्हाई."

चंद्रभानने मान डोलावली. वर्षाच्या आत येतो, असंही म्हणाला. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसं त्याला ते वर्ष सोपं दिसत होतं.

अकोल्यात पोचल्यावर पहिल्या आठ दिवसांत डोंगरातले दगडधोंडे दिसले. पहिला धोंडा घराचा. जुन्या शहरातल्या गल्ल्यांत खोली मागायला जावं तर एकच प्रश्न यायचा, "इथी कोनाचे तुमी? जामीन कोन?" याला कोणी मामा नाही, मावसा नाही, गावचा माणूस नाही. जामीन आणायचा कुठून? नवरा-बायको नदीकाठच्या एका चिंचेखाली राहिली. दुसरा धोंडा बोलण्याचा. मराठी मराठी म्हणावं तर निम्मी डोक्यावरून जायची. "काहून आले बाप्पा इकडे?" असं कोणी विचारलं की चंद्रभानला वाटे, हा गडी भांडायलाच उठला. तो बिचारा मायेनेच विचारत असे.

तिसरा धोंडा सुभद्राच्या चुलीवर होता. तिकडे ती बाजरी खाऊन वाढलेली, इथे बाजरी औषधाला मिळेना. ज्वारीशी तिचं जमलं. पण डाळ काही केल्या शिजेना. दोन प्रहर चूल फुंकली तरी तुरीचा दाणा जसाच्या तसा. सिन्नरला जिच्या हातच्या आमटीचं कौतुक व्हायचं, ती बाई इथे नवऱ्याला रोज कचकचीत डाळ वाढत होती आणि डोळे पुसत होती.

त्यांना हात दिला तो शफीक लोहाराने. चाकाला लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचा पट्टा, चढवायचं काम शफीकचं. तेजीमुळे त्याच्या भट्टीपुढे चाकांचा ढीग लागला होता, पण त्यातली निम्मी चाकं घाईघाईत केलेली. एक दिवस चंद्रभान तिथे नुसता बघत उभा होता. एका चाकाचा आरा ढिला दिसला. कोणी न सांगता तो खाली बसला, पाचर ठोकली, चाक फिरवून पाहिलं आणि पुन्हा भिंतीला लावून ठेवलं.

शफीकने भाता थांबवला. "कोन्या गावचा हात हाये हा?"

"सिन्नरचा."

"सिन्नर कुठी हाये मले माईत नाई. पन हात साजरा हाये."

त्याच दिवशी शफीक त्याला आपल्या गल्लीत घेऊन गेला. एका घराच्या मागची खोली आणि कडुलिंबाखालची छपरी रिकामी होती. घरधन्याने नेहमीचाच प्रश्न केला. शफीकने चार लोकांदेखत सांगितलं, "जामीन मी. हा मानूस पयाला, नाई त कोनाचं काम बुडवलं, त माहा भाता उचलून न्या." लोहाराचा भाता म्हणजे त्याचं पोट.  कुलूप निघालं.

शफीकची आई बिल्कीसबी म्हातारी आणि तोंडाने फटकळ. सुभद्राची चूल दोन दिवस धुमसताना पाहून ती कुंपणाशी आली. "अवं पोरी, डाईले काहून मारून राह्यली? तिचा काय गुना? इथल्या हिरींचं पानी खारं हाये. नदीत जाय, वायूत झिरा खोद." सुभद्राने मोर्णेच्या वाळूत हातभर खड्डा खणला. थेंबथेंब पाणी झिरपलं, वाटी वाटी करत अर्ध्या सकाळी एक घागर भरली. त्या दिवशी डाळ अशी शिजली की चंद्रभानने तीनदा मागून घेतली. सुभद्राला इतका आनंद झाला की तिने बिल्कीसबीला कुंपणापलीकडूनच वाकून नमस्कार केला. म्हातारी म्हणाली, "बस बस. डाईचाच त सवाल होता."

आता काम. शहरातला जुना जाणता वाढई म्हणजे पुंजाराम. त्याच्याकडे वर्षभराच्या गाड्या तुंबल्या होत्या. म्हणून वरूडखेडचे भगवंतराव पाटील शफीककडे आले. वरूडखेड अमरावतीच्या रस्त्यावर पाच कोसांवर, आणि पाटलांचा कापूस घरात मावेना झालेला. शफीक म्हणाला, "हा नवा वाढई हाये. माह्या शब्दावर द्या."

चंद्रभानने त्या गाडीत जीव ओतला. धारणीकडच्या जंगलातून आलेलं सागवान एकेक वाजवून घेतलं. आसेसाठी धावड्याचं लाकूड निवडलं, कारण सगळा भार आसेवर, तिच्या दोन टोकांवरच चाकं फिरणार. बापाच्या गजाने माप घेतलं, बापाच्याच गजाने तासलं. शफीकने लाल तापलेली धाव चढवली, पाणी मारलं, चाक करकचून आवळलं गेलं. पाटील गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी लाकूड ठोकून पाहिलं, आरे मोजले, जू उचलून पाहिलं. खोट काढायला जागा नव्हती. नारळ फुटला. गाडी शहराच्या मुरमाड रस्त्यावरून अशी गेली की गल्लीतल्या बायका बघायला दारात आल्या.

चार दिवसांनी पाटील स्वतः आले. घोड्यावरून उतरले नाहीत.

गाडी रिकामी होती तोवर कुरकुरत का होईना वरूडखेडला पोचली होती. कापूस भरून अमरावतीला निघाली, आणि गावापासून अर्ध्या कोसावर कलंडली. आस मोडली, कापूस मातीत गेला, उजव्या बैलाचा खांदा सोलून निघाला.

"वाढईबुवा," पाटील म्हणाले, "गाडी लय साजरी हाये. देव्हाऱ्यात ठेवाव म्हनतो. पन मले चालनारी पायजे होती. आठ दिवसांत चालनारी गाडी दारात आली त ठीक, नाई त शफीकचा भाता घेऊन जाईन." आणि घोडा वळवून निघून गेले.

गल्लीत कुजबूज झाली. परका माणूस, त्याचं काय? उद्या उजाडता गाशा गुंडाळील आणि शफीक बसेल हात चोळत. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा खरोखरच छपरीत चंद्रभान नव्हता. "पयाला!" म्हणून दोघंतिघं भट्टीवर सांगत आले. शफीकचा चेहरा क्षणभर उतरला, नाही असं नाही. पण तो उठून मागच्या अंगणात गेला. सुभद्रा रोजच्यासारखी सडा टाकत होती.

"वहिनी, भाऊ कुठी गेले?"

"रस्ता बघाया गेल्यात."

शफीक परत आला, भाता ओढायला बसला आणि लोकांना म्हणाला, "जा, आपापलं काम करा."

चंद्रभान रात्रभर दुसऱ्यांना दोष देऊन थकला होता. आधी गाडीवानाला दिला, मग बैलांना, मग धावड्याच्या लाकडाला. पण मोडलेल्या गाडीपाशी पोचून पाहिलं तर लाकडात गाठ नव्हती, कीड नव्हती. चांगलं जातिवंत लाकूड पीळ बसून मोडलं होतं. तो बांधावर बसून राहिला. समोरून कापसाच्या गाड्या येत होत्या. पावसाळ्यात काळ्या चिखलात चाकं रुतून रस्ताभर दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. आता त्या वाळून विटेसारख्या कडक झालेल्या. गाड्या त्यात अशा निमूट चालत होत्या की एक गाडीवान चक्क डुलक्या घेत होता.

मग चंद्रभान उठला. मोडकी आस त्याने दोरीने आवळून बांधली, गाडीखाली खांदा दिला आणि एक चाक एका चाकोरीत नेऊन सोडलं. दुसरं चाक चाकोरीत बसेना. ते वरच, वरंब्यावर उभं. त्याने गज काढला, चाकोरीपासून चाकोरीपर्यंत धरला. मग बोटं लावून पाहिली. त्याची गाडी सहा बोटं जास्त रुंद होती.

 गाडीची रुंदी मुलखामुलखात वेगळी असते, हे त्याला माहीतच नव्हतं. बापाने केली तेवढी, आजाने केली तेवढी, म्हणजे जगभर तेवढीच, असं तो धरून चालला होता. आणि वरूडखेडचे लोकही त्यांच्या जागी तेच धरून चालले होते. म्हणून याने कोणाला विचारलं नाही आणि याला कोणी सांगितलं नाही. पाटलांनी आरे मोजले, रुंदी कोण मोजतो? शफीकपुढेही चाक एकेकटंच यायचं, जोडी लागलेली तो बघत नसे. बाहेरून आलेल्याची खरी पंचाईत ही अशी असते. जे सगळ्यांना ठाऊक, तेच कोणी बोलत नाही.

तसाच तो पुंजाराम वाढईकडे गेला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. पायरीखाली उभा राहून त्याने सरळ सांगितलं, "बाबा, माझं माप चुकलं. इथलं माप सांगाल का?"

पुंजारामने रंधा खाली ठेवला. परक्याने यावं, आपल्या पोटावर यावं आणि वर मापही विचारावं! छपरीतली माणसं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघू लागली. म्हाताऱ्याने चंद्रभानचे धुळीने भरलेले पाय पाहिले.

"मी काहून सांगू?" तो म्हणाला. "माप का माह्या घरी हाये? माप चाकोरीत पडेल हाये. कोनाच्या बापाचं नाई ते. जाय, उचलून घे." चंद्रभान वळला तसा म्हाताऱ्याने मागून हाक मारली, "अन आयक बे! एका जागी मोजू नको. कुठी रस्ता फाकते, कुठी आवयते. दिवसभर चाल, मंग तुले खरं माप भेटीन."

चंद्रभान दिवसभर नव्हे, तीन दिवस चालला. सुतळी घेऊन मूर्तिजापूरपर्यंत गेला आणि परत आला. पावलापावलाला वाकून मोजायचा आणि सुतळीला गाठ मारायचा. गाडीवान हसायचे. "काय हरपलं बाप्पा?" म्हणून विचारायचे. तो म्हणायचा, "सापडतंय, सापडतंय." परत आला तेव्हा जिथे जास्तीत जास्त गाठी एकावर एक पडल्या होत्या, ते माप त्याच्यापाशी होतं.

पण घरी येऊन तो बापाचा गज मांडीवर घेऊन बसला. आईने सांगितलं होतं, माप सोडू नको. नवा गज करायचा म्हणजे तिचा शब्द मोडायचा. सुभद्राने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

"डाळ कशी झालीया?" तिने विचारलं.

"चांगली हाय."

"माझ्या आईनं शिकवली तशीच केली. तीच फोडणी, तेवढंच मीठ. पाणी तेवढं इथलं घेतलं. म्हंजी म्या आईला इसरले का?"

चंद्रभान पोटभर जेवला. हात धुऊन त्याने बापाचा गज देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू लावलं आणि धावड्याच्या उरलेल्या लाकडातून नवा गज तासायला बसला. 

मोडकी गाडी ओढून छपरीत आणली आणि तीन दिवसांत तिला नवी आस झाली. वरचा साटा, म्हणजे माल ठेवायची चौकट, दोन्ही बाजूंनी तासून अरुंद केला. आठव्या दिवशी सकाळी बैल मागून आणले. निघताना सुभद्रा मोर्णेवरून आली ती डोक्यावर भरली घागर घेऊन. घागर तिने गाडीत ठेवली आणि स्वतः शेजारी चढून बसली.

"हे काय?" चंद्रभानने विचारलं.

"पाटील तुमचं ऐकणार न्हाईत. घागरीचं ऐकतील."

पाच कोस गाडी चाकोरीतून चालली. जिथे कलंडली होती ती जागा वरूडखेडच्याही पुढे होती. सुभद्राच्या सांगण्यावरून गाडी गावात न थांबता तिथवर गेली, वळली आणि मग पाटलांच्या दाराशी आली. सगळा गाव मागे जमला. पाटलांनी पाहिलं, घागरीच्या गळ्याशी थोडी ओल होती, खाली फळी कोरडी होती. त्यांनी तांब्या मागवला, घागरीतलं पाणी ओतून घेतलं आणि उभ्याउभ्या प्याले.

"पानी गोड हाये," ते म्हणाले. मग मागे वळून ओरडले, "पाहून काय राह्यले बे? कापूस भरा!"

चंद्रभान त्या गाडीबरोबर अमरावतीपर्यंत पायी गेला. पाटलांनी बस म्हटलं तरी बसला नाही. त्याला चाकाचा आवाज ऐकायचा होता. अमरावतीच्या बाजारात कापसाचे ढीग घराएवढे, माणसं मुंग्यांसारखी, गाडीला गाडी लागलेली. तिथे एका दलालाने चाकावर हात फिरवून विचारलं, "कोनं केली हे गाडी?"

चंद्रभान तोंड उघडणार एवढ्यात गाडीवानच म्हणाला, "अकोल्याच्या चंद्रभान वाढईनं."

ज्या गावात दोन महिन्यांपूर्वी त्याला कोणी खोली देत नव्हतं, ते गाव त्याच्या नावाला चिकटलं. गर्दीत उभ्या उभ्या त्या माणसाची छाती भरून आली. परत आल्यावर त्याने शफीकच्या भट्टीवर पहिली हाक मारली. शफीक भाता ओढता ओढताच म्हणाला, "राह्यला म्हना माहा भाता!" आणि दोघंही पोट धरून हसले.

वर्षाची तीन वर्षं झाली. खोलीच्या जागी स्वतःचं कौलारू घर झालं, पाळणा हलला. पुंजारामची नजर मंदावली तेव्हा त्याने आपली आलेली गिऱ्हाइकं चंद्रभानकडे पाठवायला सुरुवात केली. पाठवताना शिव्या देऊनच पाठवायचा, पण पाठवायचा. आणि १८६६ च्या दिवाळीनंतर चंद्रभान नवी गाडी जुंपून आईला आणायला निघाला.

सुभद्रा म्हणाली, "तिकडच्या मापाची आस घालून जा. म्हातारीला गचके बसतील."

"नाई," चंद्रभान म्हणाला. "हेच गाडी नेतो." तोवर तो असं वऱ्हाडी बोलायलाही लागला होता. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. याने सुंभ बदलला, पण पीळ तोच ठेवला.

मलकापूर ओलांडून खानदेशात शिरल्यावर गाडीचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं वरंब्यावर चालू लागलं. जमेल तिथे तो कडेकडेने हाकायचा. सिन्नरला पोचला तेव्हा भाऊबंद गोळा झाले. चुलतभाऊ सुतारच. त्याने गाडी एका नजरेत जोखली. "चंद्रभान, माप चुकलं की रं!"

"चुकलं नाई. वऱ्हाडचं माप हाये."

दुर्गाबाई काठी टेकत गाडीभोवती फिरली. सुताराची बायको, सुताराची आई. तिने वाकून चाकांमधल्या अंतरावर वीत टाकली, पुन्हा वीत टाकली, आणि सरळ उभी राहिली.

"गज कुठाय?"

"देव्हाऱ्यात. रोज पूजा होते."

तिने बोचकं उचललं आणि गाडीत बसली. वाटेत खानदेशात रेल्वे शेजारून शिट्टी घालत गेली, तिच्याकडे तिने पाठ केली. मुलाशीही ती चार शब्दांपलीकडे बोलली नाही. एका बाजूला कललेल्या गाडीत, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून, गचक्यागचक्याला ओठ आवळत म्हातारी बसून राहिली. चंद्रभान पुढे बैल हाकत होता. तिच्या प्रत्येक गचक्याला त्याचा जीव कासावीस होत होता. सुभद्राचं ऐकायला हवं होतं, असं त्याला शंभरदा वाटलं.

मलकापूर मागे पडलं. खरी काळी माती सुरू झाली. दोन्ही अंगांना वेचणीला आलेला कापूस उभा होता. एके ठिकाणी वरंब्यावरचं चाक जरा घसरलं, कडेला घासलं, आणि धप्प करून चाकोरीत बसलं. गाडी एकदम समतल झाली. गचके थांबले. बैलांच्या माना सैल पडल्या आणि चंद्रभानने कासरा सोडून दिला.

म्हातारीने दचकून विचारलं, "काय झालं रं?"

"घर आलं, माय."

दुर्गाबाईने मान वळवून पाहिलं. घर कुठेच नव्हतं. गाव नव्हतं, झाडही नव्हतं. अकोला अजून दोन-तीन मुक्काम लांब होतं. नुसती काळी जमीन होती, पांढरा कापूस होता आणि लांबवर जाणाऱ्या दोन चाकोऱ्या होत्या. ती काही वेळ चाकांचा आवाज ऐकत राहिली. मग तिने कठड्यावरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"तुझ्या बापाची गाडी अशीच चालायची," ती म्हणाली.